जयपूरची वारसा मद्ये : जहागिरीच्या भट्टीतून सरकारी कारखान्यात

केशर, बडीशेप, वेलदोडा, गुलाब आणि सुंठ ही नावे स्वयंपाकघरातील वाटली, तरी राजस्थानच्या राजधानीत ती मद्याच्या बाटल्यांवरही आढळतात. ‘चंद्रहास’, ‘केसर कस्तुरी’, ‘जगमोहन’, ‘मावलीन’ अशी नावे असलेली ही मद्ये एकेकाळी राजपूत सरदारांच्या वाड्यांत, घरच्या भट्टीवर तयार होत असत. त्यांच्या कृती कुटुंबाबाहेर जात नसत. आज त्यांपैकी अनेक मद्ये राज्य सरकारच्या मालकीच्या ‘राजस्थान स्टेट गंगानगर शुगर मिल्स’ या जयपूरस्थित कंपनीच्या नावाने बाजारात येतात.

घरगुती मद्य सरकारी कारखान्यात कसे पोहोचले, मसाल्यांच्या या अनोख्या मिश्रणांमागे कोणते शास्त्र आहे आणि ‘वारसा’ हा शब्द बाटलीवर आल्याने घरी मद्य गाळण्याची मुभा मिळते काय, हे प्रश्न त्यानिमित्ताने पुढे येतात.

ठिकाण्यांमधील भट्ट्या

राजपुतान्यातील संस्थानांत ‘ठिकाणा’ म्हणजे सरदाराची वंशपरंपरागत जहागीर. मोठ्या ठिकाण्यांत स्वतःचे मद्य गाळण्याची पद्धत होती. भट्टीचे प्रत्यक्ष काम बहुधा कलाल या पारंपरिक मद्यव्यावसायिक समाजातील कारागीर करीत. कोणते जिन्नस किती घालायचे, हे मात्र घराण्याचे गुपित असे. पाहुण्याला आग्रहाने पेय देण्याच्या ‘मनुहार’ या राजपूत रिवाजात अशा मद्याला मानाचे स्थान होते. ते लहान पेल्यातून, अल्प प्रमाणात दिले जाई.

यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव चंद्रहासचे आहे. जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कानोता या ठिकाण्याशी ते जोडले जाते आणि त्यात ७६ मसाले व वनौषधी असल्याचे सांगितले जाते. कानोता हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना आणखी एका कारणाने परिचित आहे. या घराण्यातील अमरसिंह यांनी १८९८ पासून १९४२ पर्यंत सलग लिहिलेली रोजनिशी हा वसाहतकालीन भारताच्या इतिहासाचा महत्त्वाचा आधार मानला जातो.

केसर कस्तुरी आणि जगमोहन या मद्यांचा संबंध मारवाडशी, म्हणजे जोधपूरशी सांगितला जातो. झुंझुनू जिल्ह्यातील महनसर हे शेखावाटीतील गाव भित्तिचित्रांनी नटलेल्या हवेल्यांबरोबरच बडीशेपेच्या मद्यासाठी ओळखले जाते. काही जुन्या कृतींत सुकामेवा, दूध, तूप, मुरंबे, इतकेच नव्हे तर मांसही वापरले जात असल्याचे उल्लेख मिळतात. मसाल्यांची संख्या आणि घटकांची दुर्मिळता ही यजमानाच्या ऐश्वर्याची खूण होती. कस्तुरीचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. हिमालयातील कस्तुरीमृगापासून मिळणारा हा सुगंधी पदार्थ अत्यंत महाग होता. आता हा प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून त्याच्या कस्तुरीचा व्यापार गुन्हा ठरतो. नाव उरले, तरी तो घटक कायद्याच्या कक्षेबाहेर गेला आहे.

आसव आणि अर्क

या पेयांना बोलीत सरसकट ‘आसव’ म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या मात्र येथे दोन भिन्न क्रिया एकत्र येतात.

पहिली क्रिया किण्वनाची, म्हणजे आंबवण्याची. गूळ, फळे किंवा मोहाची फुले पाण्यात भिजवली, की त्यांतील साखरेवर यीस्ट ही सूक्ष्म बुरशी वाढते आणि साखरेचे रूपांतर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत करते. द्राक्षांची वाइन, तांदळाची बिअर आणि आयुर्वेदातील द्राक्षासव ही या क्रियेची उदाहरणे होत. अल्कोहोलचे प्रमाण वाढत गेले, की यीस्ट स्वतःच निष्क्रिय होते. त्यामुळे केवळ आंबवलेल्या पेयात अल्कोहोल साधारणतः १२ ते १५ टक्क्यांच्या फार पुढे जात नाही. आयुर्वेदिक आसव-अरिष्टांमध्ये किण्वनासाठी धायटीची फुले घालण्याची पद्धत आजही चालू आहे.

दुसरी क्रिया ऊर्ध्वपातनाची, म्हणजे गाळण्याची. शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, तर पाणी १०० अंशांना. आंबवलेला द्रव तापवला, की आधी उठणाऱ्या वाफेत अल्कोहोल अधिक असते. ही वाफ थंड करून मिळणारा अर्क मूळ द्रवापेक्षा कितीतरी कडक असतो. राजस्थानातील वारसा मद्ये या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे ‘देशी वाइन’ असा त्यांचा उल्लेख होत असला, तरी तो काटेकोर नाही. मसाल्यांचा अर्क असलेल्या युरोपातील लिकर या प्रकाराशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे.

भट्टीतून काय उतरते?

७६ जिन्नस एकत्र केल्यावर ते सर्व पेल्यात उतरतात काय? रसायनशास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. वाफेबरोबर केवळ उडून जाऊ शकणारी, म्हणजे बाष्पनशील द्रव्ये पुढे जातात. उरलेले सर्व भट्टीच्या भांड्यात राहते.

केशराचे उदाहरण घेता येईल. केशराचा पिवळा-केशरी रंग क्रोसिन या द्रव्यामुळे येतो आणि ते वाफेबरोबर उडत नाही. केशराचा गंध प्रामुख्याने सॅफ्रानाल या बाष्पनशील द्रव्याचा असतो. केशर भट्टीत घातले, तर अर्काला गंध येईल, पण अर्क पाण्यासारखा रंगहीन राहील. रंग हवा असल्यास केशर गाळून झालेल्या मद्यात भिजवावे लागते. मिरी आणि सुंठीचेही असेच आहे. मिरीचा तिखटपणा पिपेरिनमुळे येतो आणि ते सहजी वाफेवर स्वार होत नाही. त्यामुळे भट्टीतून मिरीचा सुगंध येतो, तिखटपणा मागे राहतो. सुंठीचा झणझणीतपणाही बहुतांशी भांड्यातच उरतो. साखर आणि गुळाचा गोडवाही येत नाही. गोड चव हवी असल्यास ती नंतर मिसळावी लागते.

वेलदोडा, बडीशेप, गुलाब, पुदिना आणि संत्र्याची साल यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे वैशिष्ट्य बाष्पनशील तेलांतच असल्याने ती भट्टीतून उत्तम प्रकारे उतरतात. राजस्थानच्या वारसा मद्यांत हेच स्वाद वारंवार दिसतात, यामागे दरबारी आवडीबरोबर हे कारणही असावे. बडीशेपेच्या मद्यात आणखी एक बदल उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. तिच्यातील अ‍ॅनेथोल हे द्रव्य कडक अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात मात्र जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे ज्यात अ‍ॅनेथोल पुरेसे आहे अशा पारदर्शक मद्यात पाणी घालताच तेलाचे अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात आणि पेय दुधाळ दिसते. ग्रीसमधील ऊझो आणि तुर्कस्तानातील राकी या पेयांतही असेच घडते. त्यामुळे हा पांढरेपणा भेसळीची खूण मानण्याचे कारण नाही.

घटकांची संख्या मोठी असण्यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर घातले जातात, याला म्हणूनच अधिक महत्त्व आहे. घराण्यांनी गुपित राखलेल्या ज्ञानाचा मोठा भाग यादीत नव्हता, तो या क्रमात आणि आचेच्या अंदाजात होता.

कौटिल्यापासून चरकापर्यंत

मद्यात वनस्पती आणि मसाले मिसळण्याची कल्पना राजपूत दरबारांपेक्षा फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे सहा प्रकार सांगितले आहेत. आसवासाठी कवठ, काकवीसारखा उसाचा रस आणि मध यांचे मिश्रण दिले आहे. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरी आणि त्रिफळा असे घटक येतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्ये, फळे, मुळे, फुले, साली इत्यादींपासून होणाऱ्या ८४ आसवांची गणना आहे.

अर्थशास्त्रातील आणखी एक तरतूद आजच्या वादाशी थेट जुळते. मद्यनिर्मितीवर राज्याचे नियंत्रण असावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. तरीही कौटुंबिक कार्याच्या वेळी साधी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी तयार करण्याची सवलत गृहस्थांना दिली आहे. उत्सव व यात्रांसाठी चार दिवसांची मोकळीकही नमूद आहे. घरचे मद्य आणि राज्याचा महसूल यांच्यातील ओढाताण दोन सहस्रकांपूर्वीही होती, असे यावरून दिसते.

बंदी आणि १९९८ चा बदल

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि राजस्थान अबकारी अधिनियम, १९५० लागू झाला. परवान्याशिवाय मद्य गाळणे गुन्हा ठरले. जहागिऱ्या संपुष्टात आल्याने भट्टीचा खर्च उचलणारी व्यवस्थाही मोडली. कृती हस्तलिखित वह्यांत आणि वृद्धांच्या आठवणीत राहिल्या. प्रत्यक्ष करून पाहता येत नसल्याने हाताचे कसब पुढच्या पिढीकडे जाण्याचा मार्ग बंद झाला.

१९९८ मध्ये राजस्थानने कायद्यात बदल करून ‘हेरिटेज लिकर’ हा वेगळा प्रकार मान्य केला. त्यानंतरच्या दशकात सरकारी कंपनीने काही घराण्यांच्या कृतींवर आधारित मद्ये बाजारात आणली. अलीकडच्या वर्षांत महनसरच्या परंपरेतील मद्येही परवान्यानिशी विक्रीस आली आहेत.

या बदलाने कृती वाचल्या, पण त्यांचे स्वरूप बदलले. कारखान्यात प्रत्येक घाणा सारखा उतरावा लागतो, अल्कोहोलचे प्रमाण मोजून बाटलीवर छापावे लागते आणि अन्नसुरक्षेचे निकष पाळावे लागतात. मांस किंवा कस्तुरीसारखे घटक त्या चौकटीत बसत नाहीत. ऋतुमानानुसार किंवा पाहुण्यानुसार मिश्रण बदलण्याची घरगुती मोकळीकही तेथे नसते. आजचे चंद्रहास म्हणजे वाड्यातील मूळ पेयाची तंतोतंत प्रत, असे मानता येत नाही. सुरक्षित आणि कायदेशीर रूपात टिकलेली ती त्याची आठवण आहे.

वारसा कोणाचा?

राजस्थानच्या या प्रयोगातून एक मोठा प्रश्न उभा राहतो. सरदाराच्या वाड्यात गाळलेले मद्य ‘वारसा’ ठरले, मग आदिवासी पाड्यावर गाळलेल्या मोहाच्या दारूचे काय?

महाराष्ट्रात या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ब्रिटिश सरकारने मद्यनिर्मिती मोजक्या मक्तेदारांच्या हाती एकवटली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. ज्या झाडाचे फूल अन्न, औषध, पशुखाद्य आणि देवाचा नैवेद्य म्हणून वापरले जाई, ते बाळगणेही संशयास्पद झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हे नियंत्रण अधिक कडक केले. मोहाच्या फुलांचे संकलन, साठवणूक, वाहतूक आणि विक्री यांवरील निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये शिथिल केले. फुले मोकळी झाली, तरी त्यांपासून परवान्याशिवाय दारू गाळण्याची मुभा त्यातून मिळालेली नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशाने एक पाऊल पुढे टाकले. २०२२-२३ च्या अबकारी धोरणात मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देऊन अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासी बचतगटांमार्फत उत्पादनाचा प्रयोग हाती घेण्यात आला. येथे कृतीबरोबर उत्पादनही मूळ समाजाकडे राहावे, असा हेतू आहे.

गोव्याचा मार्ग आणखी वेगळा आहे. तेथे काजूच्या बोंडांची फेणी गाळणारे लहान भट्टीवाले परवाना पद्धतीत टिकून राहिले. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. दुकशिरीच्या मुळांचा वास असलेली किंवा जिऱ्याची फेणी ही अनोख्या स्वादांची तेथील उदाहरणे होत. राजस्थानात कृती जपली गेली आणि भट्टी विझली. गोव्यात भट्टीवाल्याचा हात आणि त्याची कृती दोन्ही एकत्र राहिले.

घरी गाळणे : कायदा आणि धोका

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचे नियम भिन्न आहेत. ‘हेरिटेज’ ही परवान्याची वर्गवारी आहे, नागरिकांना दिलेली सर्वसाधारण सवलत नव्हे. राजस्थान असो की महाराष्ट्र, परवान्याशिवाय घरी मद्य गाळणे हा गुन्हाच आहे. घराण्याची जुनी वही हाती असल्याने त्यात फरक पडत नाही.

कायद्याइतकाच गंभीर प्रश्न विषबाधेचा आहे. विषारी दारूच्या बहुतेक मोठ्या दुर्घटनांचे मूळ मिथेनॉल या औद्योगिक रसायनात असते. स्वस्त असल्याने ते दारूत मिसळले जाते आणि चवीवरून किंवा वासावरून ते ओळखता येत नाही. शरीरात त्याचे रूपांतर आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्लात होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर आघात करते. मुंबईतील मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. राजस्थानच्याच भरतपूर जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये विषारी दारूने मृत्यू झाले.

घरच्या भट्टीत कोणी मिथेनॉल मिसळत नसले, तरी धोके संपत नाहीत. फळांच्या किण्वनात अल्प प्रमाणात मिथेनॉल तयार होतेच. जस्त किंवा शिशाचे डाग दिलेल्या भांड्यांतून जड धातू अर्कात उतरू शकतात. अल्कोहोलची वाफ ज्वालाग्राही असल्याने उघड्या चुलीजवळ स्फोटाची भीती असते. कारखान्यात प्रत्येक घाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होऊ शकते, स्वयंपाकघरात तशी सोय नसते.

मिथेनॉलच्या विषबाधेची लक्षणे अनेकदा १२ ते २४ तासांनंतर दिसू लागतात. डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे आणि डोळ्यांपुढे पांढुरके धुके आल्यासारखे दिसणे ही त्यांतील प्रमुख होत. नशा उतरत असल्याचे समजून झोपून राहणे जिवावर बेतू शकते. वेळेत रुग्णालयात पोहोचल्यास उतारा आणि डायलिसिस यांच्या साहाय्याने प्राण व दृष्टी वाचण्याची शक्यता असते.

औषधी गुणांचा दावा

वारसा मद्यांभोवती औषधी गुणांचे वलय आहे. थंडीत ऊब मिळते, पचन सुधारते, शक्ती येते असे सांगितले जाते. त्यांतील वनौषधींचा आयुर्वेदात स्वतंत्र उपयोग असला, तरी वर पाहिल्याप्रमाणे भट्टीतून त्यांची सर्व द्रव्ये पुढे येत नाहीत. ऊब वाटण्याचे कारणही वेगळे आहे. अल्कोहोलमुळे त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता जाणवते, परंतु प्रत्यक्षात शरीरातील उष्णता बाहेर पडते. कडाक्याच्या थंडीत हे अपायकारक ठरू शकते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याच्या दृष्टीने पूर्णतः सुरक्षित नाही, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मांडली आहे. केशर आणि वेलदोड्याच्या सुगंधाने ही वस्तुस्थिती बदलत नाही.

टिकले काय, हरपले काय

जयपूरच्या वारसा मद्यांचा प्रवास खाद्यसंस्कृतीच्या जतनातील पेच स्पष्ट करतो. पूर्ण मुभा दिली, तर सुरक्षिततेचा आणि व्यसनाधीनतेचा प्रश्न उभा राहतो. पूर्ण बंदी घातली, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान नष्ट होते किंवा चोरट्या भट्ट्यांकडे वळते. राजस्थानने १९९८ मध्ये यातून एक मधला मार्ग काढला. त्याचा पहिला लाभ जहागिरदार घराण्यांच्या कृतींना झाला. भट्टीची आच सांभाळणाऱ्या कलाल कारागिराचे नाव मात्र कोणत्याही बाटलीवर आले नाही.

वह्यांतील घटकांची यादी कारखान्याला देता आली. केशर केव्हा घालावे, वाफ केव्हा थांबवावी, हे ज्या हातांना ठाऊक होते, ते हात बंदीच्या सुमारे पाच दशकांत काळाआड गेले. मोहाच्या बाबतीत हे जाणते हात आजही गावोगाव आहेत. वारशाचा दर्जा देताना यादीबरोबर त्या हातांचाही विचार होणार काय, यावर या परंपरेचे पुढचे स्वरूप अवलंबून राहील.